मामांच्या ओसरीवरचा दोर

सारंगमामांनी मला पहिल्याच भेटीत रडवलं. लग्न होऊन पुण्याहून कुंभकोणमला आले, त्याच आठवड्यात नवऱ्याच्या या मामांकडे नमस्काराला गेले होते. मामा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मेलकावेरीत आमच्याच गल्लीत राहणारे. ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. कमरेला पांढरी वेष्टी, वर बनियन आणि बनियनच्या गळ्याला अडकवलेलं लाल शाईचं पेन. मामींनी माझ्या हातात केसरीची, म्हणजे इथल्या शिऱ्याची, बशी दिली.

"शिकून काय केलीस, मा?" मामांनी विचारलं.

मी उत्साहानं माझ्या एमएस्सीच्या प्रबंधाबद्दल सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"विषय कोण दिला?"

"गाइडनी."

"रीत कोणाची?"

"आधीच्या एका मुलीनं बसवलेली होती. मी ती पुढे नेली."

"लिहिणं?"

"गाइडनी जरा सुधारून दिलं."

"मग त्यास बोलीव. तो येऊन केसरी खाऊ दे."

आणि त्यांनी खरंच माझ्या हातातली बशी काढून मामींकडे परत दिली. मामी ती घेऊन आत गेल्या. त्या कधीच मध्ये पडत नसत. मी घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, "ते अस्क्यांस असंच बोलतात," आणि पेपर वाचायला लागला. अस्क्यांस म्हणजे सगळ्यांना, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

इथल्या मराठी घरांतलं बोलणं हा वेगळाच प्रकार आहे. कधीकाळी तंजावरच्या दरबाराबरोबर आलेली ही माणसं, मराठी घरात बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. मामांचं मराठी ऐकून मला वाटायचं, पोथीतलं कुणी उठून बोलतंय. माझं मराठी ऐकून ते मामींना विचारत, ही हिंदी कुठे शिकली. मी सुरुवातीला हसत असे. नंतर लक्षात आलं, ते थट्टा करत नव्हते. त्यांना थट्टा करता येत नसे, फक्त टोचता येत असे.

पण गाव त्यांना ओळखत होतं ते 'राव सार', म्हणजे राव सर, म्हणून, आणि तेही निवृत्तीनंतर, अर्जांमुळे. हल्ली मोठ्या खाजगी विद्यापीठांच्या अर्जात मार्कांखेरीज एक चौकोन असतो. कुणी न सांगता स्वतःहून केलेला अभ्यास तिथे मांडायचा. काय केलं, कसं केलं, काय हाती लागलं. चौकोन एवढासा, पण त्यासाठी आईबाप पोरांना दोन-दोन वर्षं आधीपासून कामाला लावतात, आणि बऱ्याचदा ते काम स्वतःच करून टाकतात. रविवारी सकाळी अशी मुलं आपापला चौकोन घेऊन मामांच्या ओसरीवर येत. मामा फी घेत नसत. त्यामुळे अपमान झाला तरी कुणाला तक्रार करायची सोय नव्हती.

मुलगा उभा राहून आपलं लिहिलेलं वाचे. मामी पितळी दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कॉफी आणून ठेवत. मामा ती उंचावरून ओतून निववत, पीत, आणि कॉफी संपली की वाचनही संपलं. मग ते पान लावत. पानाच्या रसाचा उपयोग ठरलेला होता. 'ध्यास', 'समाजाचं ऋण', 'लहानपणापासूनची आवड' असला शब्द आला की मामा शेजारच्या पितळी पिकदाणीत थुंकत. वाचणारा गडबडला की म्हणत, "तू वाच पा. मी वाक्य टाकत होतो."

शेवटी त्यांचा प्रश्न येई. यारु सेंजदु? कुणी केलं? प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून तोच प्रश्न. 'नमुने गोळा करण्यात आले.' कुणी केले? 'असं आढळून आलं.' कुणाला? ज्या वाक्याला माणूस सापडत नसे ते लाल पेनानं जाई. पुष्कळांच्या कागदावर नाव आणि पत्ता एवढंच उरे.

त्यांचं नाव झालं ते एका डॉक्टरच्या मुलीमुळे. तिनं लिहिलं होतं की तिरुनागेश्वरमच्या गरीब मुलांसाठी तिनं इंग्रजीचे वर्ग चालवले. फोटोंची जाड फाइल होती. मामांनी ती उघडलीही नाही. वेष्टी सावरली, चपला घातल्या आणि तिला टाउन बसमधून तिरुनागेश्वरमला घेऊन गेले. मलाही बरोबर घेतलं, कारण पोरीला एकटीला नेणं बरं दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. देवळाबाहेर दिवे आणि फुलं विकणारी मुलं होती. मामा त्यांच्यापुढे उभे राहून म्हणाले, "या अक्काचं नाव काय रे?" कुणालाच ठाऊक नव्हतं. एक मुलगी जरा विचार करून म्हणाली, "ही फोटोवाली अक्का." मामांनी डॉक्टरच्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे लिही. एवढंच तू केलंयस." ती बसमध्ये कुंभकोणम येईपर्यंत रडत होती आणि मामा खिडकीतून बाहेर बघत शेंगदाणे खात होते.

पण तिनं ते लिहिलं. फोटोवाली अक्का, माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, मग मी परत गेले आणि काय काय झालं. तिला परदेशात प्रवेश मिळाला. बाप पेढे घेऊन आला, मामांनी दारातूनच परत पाठवला. पण गावभर बोलबाला झाला की राव सारांकडे जायचं असेल तर आपली चूक घेऊन जावं लागतं. मामांचं म्हणणंच ते होतं. ज्यानं हातानं काम केलंय त्याची चूक झालीच असणार. चूक नसेल तर काम दुसऱ्या कुणीतरी केलंय. चूक आधी लिहा, शोध मागून.

मी त्यांच्या संगणकाचं काम बघत असे. मामा त्या यंत्राला हात लावत नसत. अर्ज भरणं, चढवणं, कुणाशी बोलायचं तर जोडून देणं, हे माझ्याकडे. त्यामुळे दर रविवारी मी ओसरीच्या कोपऱ्यात असे आणि जे जे झालं ते माझ्यासमोर झालं.

मामा क्रूर होते, पण खोटे नव्हते, असं तेव्हा मला वाटे. त्याला कारण होतं त्यांचा मुलगा रघू. शाळेत असताना त्यानं पवनचक्की केली, तिला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना मामा भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, पाती सुतारानं केलीत, मोटर दुकानातली आहे, पोरानं रंग दिलाय, रंगाला बक्षीस असेल तर जरूर द्या. रघूनं कप टेबलावर ठेवला आणि खाली उतरला. आता तो सिंगापूरला असतो. आजोबांच्या श्राद्धाला येतो आणि हॉटेलात उतरतो. मामी ही गोष्ट सांगताना म्हणत, "तुझे मामा खरं तेच बोलले," आणि मग काहीतरी आणायला आत जात.

तेव्हा माझा असा समज होता की हा माणूस स्वतःच्या पोराला सोडत नाही, तर स्वतःलाही सोडणार नाही.

कल्याणी आली ती इन्नंबूरहून. तिचे वडील तिथल्या देवळात नैवेद्याचा भात शिजवत. मुलगी काटकुळी, तेल चोपडून घट्ट वेणी, आवाज मात्र खणखणीत. उत्तरेतल्या एका मोठ्या विद्यापीठात काही मोजक्या मुलांना सगळा खर्च माफ असतो, त्यासाठी तिला अर्ज करायचा होता. ते झालं तर शिकायला जायचं, नाही तर तिरुनागेश्वरमला आत्याच्या पूजासामानाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं होतं. हे तिनं स्वतःच सांगितलं, वाणसामानाची यादी सांगावी तशा सुरात.

तिनं घराजवळच्या विहिरीचं पाणी मोजलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. नदीला पाणी सोडतात तेव्हा सगळे म्हणतात विहिरी भरतात, तर किती भरतात ते बघू, म्हणून. सुती दोराला धोंडा बांधला, टेपनं मोजून ठरावीक अंतरावर लाल दोऱ्याच्या खुणा बांधल्या, आणि रोज दोर विहिरीत सोडून काठापासून पाण्यापर्यंतच्या खुणा मोजल्या. आकडा त्या दिवशीच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहायचा. सगळी पानं तिनं सुतळीत ओवून आणली होती. तिचा शोध असा होता की नदीला पाणी आल्यावर विहीर जेवढी चढायला हवी तेवढी चढत नाही. तिनं त्याची कारणंही काढली होती, मातीचे थर वगैरे.

मामा ऐकत राहिले. कॉफी संपली तरी त्यांनी तिला थांबवलं नाही. पिकदाणीकडे एकदाही वळले नाहीत. मला वाटलं, चला, एक तरी सुटली.

"दोर आणलास?"

तिनं पिशवीतून दोर काढला.

"पावसाळ्यात हा कुठे ठेवायचीस?"

"विहिरीच्या काठावरच, सार. रोज लागायचा."

"आणि उन्हाळ्यात?"

"गोठ्यात खुंटीला."

मामांनी मामींना बादलीभर पाणी आणायला सांगितलं. दोन खुणांमधलं अंतर शिंप्याच्या टेपनं सगळ्यांना दाखवलं. मग दोर पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या मुलाला वाचायला उभं केलं. त्याचं वाचून झाल्यावर दोर बाहेर काढला, पुन्हा टेप लावली. खुणा जवळ आल्या होत्या. सुती दोर ओला झाला की आखडतो. खुणा जवळ आल्या की जास्त मोजल्या जातात, आणि पाणी आहे त्यापेक्षा खाली वाटतं.

"विहीर चढत होती," मामा म्हणाले. "दोर आखडत होता. वर्षभर तू दोर मोजलास."

कल्याणी हातातल्या कॅलेंडरच्या पानांकडे बघत राहिली. ओसरीवरची बाकीची मुलं खूश होती, कारण आज त्यांची पाळी नव्हती. मामांनी ती माळ तिच्या हातातून घेतली आणि पिकदाणीवर धरली. टाकली नाही. फक्त धरली, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला त्यांचा एवढा राग कधीच आला नव्हता.

"टाका सार," ती म्हणाली. "दोर द्या फक्त. परत मोजते."

मामांनी माळ आणि दोर दोन्ही तिला परत दिलं आणि मामींना हाक मारून तिच्यासाठी कॉफी मागवली. ओसरीवर कुणा मुलाला कॉफी मिळालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढचे सगळे रविवार त्यांनी तिला सोललं. तिचे निबंध, वक्तृत्वाची बक्षिसं, शाळेतल्या बाईंनी दिलेलं कौतुकाचं पत्र, धाकट्या मुलांच्या शिकवण्या, सगळं लाल पेनानं गेलं. मी एकदा म्हटलं, मामा, थोडं राहू द्या, बाकीची मुलं पानं भरभरून लिहितात. ते म्हणाले, "तिजपाशी खरी वस्तू आहे. शेजारी भुसा कशास?" तिच्या चौकोनात शेवटी एवढंच राहिलं की मी वर्षभर विहीर मोजली असं समजत होते, मी दोर मोजत होते, हे मला असं कळलं, आणि आता मी ओल्या दोराचा हिशोब धरून पुन्हा मोजते आहे. चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला.

त्याच दिवसांत अश्विन आला. बापाचं रेशमी साड्यांचं मोठं दुकान. पोरगा गोरागोमटा, वागायला नम्र, पाया पडणारा. त्याचा अभ्यास होता देवळांच्या तळ्यांमधल्या पाण्याचा. चेन्नईच्या कुठल्या तरी मंडळींनी करून दिलेला, रंगीत आलेख, गुळगुळीत भाषा. मामांनी कागद चाळला.

"चूक कुठे आहे?"

"तीच विचारायला आलोय, सार," अश्विन म्हणाला. "तुम्ही सांगाल ती घालतो."

हे तो अगदी निरागसपणे म्हणाला. दुकानात ब्लाउजपीस मागावा तसं. मामांचा चेहरा लाल झाला, पण ते ओरडले नाहीत, कारण ओरडण्यापेक्षा त्यांना टोचणं आवडे. त्यांनी कल्याणीकडे बोट केलं.

"तुला चूक पाहिजे? हिची घे. हिच्याकडे झकास आहे. लिही, दोर ओला झाला आणि आखडला. घे की, संकोच कशाला करतोस? ती दुसरी करेल."

मुलं हसली. कल्याणीही थोडं हसली, बहुतेक कॉफीच्या उपकारापोटी. अश्विन हसला नाही. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला, मामांच्या पाया पडला आणि गेला. मामा तो गेल्यावर थुंकले. मला वाटलं, संपलं.

त्यानं ते लिहिलं. त्याच विद्यापीठाला पाठवलं, कल्याणीच्या आधी. सही शाळेच्या मुख्याध्यापकांची होती, पण मार्गदर्शक म्हणून त्यानं मामांचं नाव टाकलं होतं. कल्याणीच्या अर्जावर मामांचीच सही होती. एका गावातून दोन अर्ज, दोन्हीत तोच ओला दोर, आणि दोन्हीवर एकच नाव. विद्यापीठानं मामांशी बोलायची वेळ मागितली.

मी संगणक ओसरीवर मांडला, आणि दाखवायला लागला तर म्हणून कल्याणीकडून दोरही आणवून ठेवला. मामांनी त्या दिवशी बनियनवर शर्ट चढवला होता. आदल्या दिवशी मी त्यांना सांगून ठेवलं होतं. मामा, एका वाक्याचं काम आहे. दोर कल्याणीचा, अश्विनला मी चिडून म्हटलं आणि त्यानं ते उचललं. एवढं बोला. ते म्हणाले, "तू मज शिकवूं नको."

पडद्यावर एक बाई आल्या. अतिशय आदरानं बोलत होत्या. म्हणाल्या, सर, तुमच्या पद्धतीबद्दल आमच्याकडे फार चांगलं बोललं जातं, तुमची काही मुलं आमच्याकडे शिकून गेली आहेत. आम्हाला एवढंच समजून घ्यायचंय की अर्जातल्या चुका मुलांना स्वतः सापडतात, की तुम्ही देता?

मी मामांच्या हाताकडे बघत होते. तो बनियनवरचं पेन शोधत होता आणि वर शर्ट असल्यामुळे सापडत नव्हतं. तो प्रश्न वरवर साधा होता. पण 'एकदा मी दिली' असं म्हटलं की आजवरच्या सगळ्या चुकांकडे लोक बोट दाखवणार होते. फोटोवाल्या अक्कापासून सगळ्या. मामांना ते एका क्षणात दिसलं, आणि मला ते त्यांना दिसताना दिसलं.

"माझ्या वर्गात," मामा स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "चुका सर्वांसमोर तपासल्या जातात. दोर भिजवून पाहण्याचा प्रयोग वर्गातच करण्यात आला होता."

बाईंनी लिहून घेतलं. "म्हणजे तो वर्गाचा प्रयोग आहे, कुणा एका विद्यार्थ्याचा नाही?"

"वर्गाचा," मामा म्हणाले.

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मॅडम, तो दोर त्या मुलीचा आहे, मी इथेच होते. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, धन्यवाद, पण आम्ही सरांचं म्हणणं नोंदवतो. मी त्या रात्री त्यांना सगळं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं की अभ्यासाबाबत सही करणाऱ्या शिक्षकांचंच म्हणणं धरलं जातं.

वर्गाचा दोर म्हणून विद्यापीठानं तो दोघांच्याही अर्जातून वगळला. अश्विनकडे आलेख होते, प्रमाणपत्रं होती, खेळ होता, फी भरायला बाप होता. त्याला प्रवेश मिळाला. कल्याणीकडे दोराशिवाय काही नव्हतं. बाकीचं सगळं मामांनीच काढून टाकलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी ती आली. मुलं बसलेली होती, तरी सरळ ओसरीवर चढली. आत्याकडे जाण्याच्या तयारीनं आली असावी, हातात कपड्यांची पिशवी होती. तिनं पाया पडायचं टाळलं, एवढाच काय तो तिचा राग.

"सार, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"तपासलं जातं ते सांगितलं."

"कुणी तपासलं?"

मामांनी कॉफी ओतायला घेतली. ती थांबून राहिली. कॉफी निवली, मामा ती प्यायले, दवरा खाली ठेवला.

"माझी मोजणी खोटी होती, ते तुम्ही मला दाखवलंत," ती म्हणाली. "तेव्हा मला वाईट वाटलं नाही, सार. दोर माझा होता."

"तुझा दोर आत आहे," मामा म्हणाले. "मामींकडून घे आणि जा."

"राहू दे. तो आता वर्गाचा आहे."

ती पायऱ्या उतरून गेली. मी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले. ती म्हणाली, "अक्का, उन्हात नका येऊ." परत आले तेव्हा मामा पुढच्या पोराचं वाचन ऐकत होते. त्या दिवसापासून मी त्यांचं संगणकाचं काम सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही. दुसरं कुणीतरी त्यांना सहज मिळालं.

मला वाटलं होतं आता तरी लोक यायचे थांबतील. उलट वाढले. साड्यांच्या दुकानात मामांचा फोटो लागला, अश्विनच्या फोटोशेजारी. गावात सगळीकडे एकच बोललं जाई की राव सार चूक अशी काढून देतात की कुठेही चालते. आता पोरं घरूनच चुका तयार करून आणत. आरसा धुरकटला होता, तराजूला गंज होता, घड्याळ मागे होतं. मामांना कळत नसेल असं मी मानत नाही. पण ते थुंकायचे थांबले होते. पान खाणंच सोडलं होतं त्यांनी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मामींना औषध द्यायला गेले तेव्हा. आदल्या दिवसापासून पावसाची झड लागली होती, नुकतीच थांबली होती. ओसरीच्या एका खांबापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत मामींनी कपडे वाळत घालायला दोर बांधला होता. लाल दोऱ्याच्या खुणा मी लांबूनच ओळखल्या. वाया कशाला घालवायचा, म्हणून मामींनी तो वापरायला काढला असणार. पावसानं चिंब झाला होता आणि वीणेच्या तारेसारखा ताठ झाला होता. त्यावर मामांच्या वेष्ट्या. त्याच्याखाली मामा खुर्चीत बसलेले, आणि समोर एक मुलगी उभी राहून वाचत होती. 'तेव्हा मला माझी चूक समजली,' असं काहीतरी.

तेवढ्यात भिंतीतला खिळा निघाला. दोर सपकन खाली आला, ओल्या वेष्ट्या मामांच्या खांद्यावर आणि अंगणातल्या चिखलात पडल्या. मुलगी वाचायची थांबली. आवाज ऐकून मामी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी चढवला.

"ओला दोर इतका ओढून बांधतात? काल सैल बांधले होते मी. ओढून कोण बांधले?"

मामांनी खांद्यावरची वेष्टी काढून चिखलात टाकली. दोराचं टोक त्यांच्या पायाशी पडलं होतं. त्यांनी ते चपलेनं बाजूला सारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि मुलीला पुढे वाचायला सांगितलं.